दोन विद्यापीठे, एक अभ्यासक्रम: परदेशातील संयुक्त पदवीसाठी अर्ज करताना काय तपासावे

परदेशातील दोन किंवा अधिक विद्यापीठे एकत्र येऊन जे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात, त्यांची माहितीपत्रके बहुधा शहरांच्या यादीने सुरू होतात. पदवीपत्राविषयीचा तपशील मात्र शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतो. विद्यार्थ्याने हे माहितीपत्रक शेवटाकडून वाचावे, अशी माझी शिफारस आहे. अखेरीस हातात नेमका कोणता कागद पडणार, त्यावर कोणाकोणाच्या सह्या असणार आणि तो कोणत्या देशाच्या कायद्यानुसार दिला जाणार, हे आधी समजून घेतले की व्हिसा, पैसा आणि भारतात परतल्यावरची मान्यता या प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्यातूनच मिळू लागतात. संयुक्त अभ्यासक्रमाचा प्रवेश वरवर एकच दिसत असला, तरी व्यवहारात ते दोन-तीन स्वतंत्र विद्यापीठांतील आणि दोन-तीन स्वतंत्र कायद्यांखालचे प्रवेश असतात. त्यांना एकत्र ठेवतो तो त्या विद्यापीठांनी आपसांत केलेला लेखी करार, आणि विद्यार्थ्याची सगळी भिस्त त्या करारावर असते.

आधी पदवीचा प्रकार ओळखा

संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी हे शब्द जाहिरातींत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांतला फरक मोठा आहे. संयुक्त पदवीत सर्व भागीदार विद्यापीठांच्या वतीने एकच पदवीपत्र मिळते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठ आणि अमेरिकेतील विल्यम अँड मेरी यांचा २०११ मध्ये सुरू झालेला पदवी अभ्यासक्रम या प्रकारचा आहे. विद्यार्थी दोन वर्षे एका ठिकाणी आणि दोन वर्षे दुसऱ्या ठिकाणी शिकतो आणि त्याला दोन्ही संस्थांची मुद्रा असलेले एक पदवीपत्र मिळते. दुहेरी पदवीत प्रत्येक विद्यापीठ आपापली स्वतंत्र पदवी देते. फ्रान्समधील सिआँस पो आणि न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठ यांच्या अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षे फ्रान्समध्ये, पुढची दोन न्यूयॉर्कमध्ये आणि शेवटी दोन बी.ए. पदव्या, अशी रचना आहे. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि कोलंबिया यांनीही २०१८ पासून अशाच धर्तीवर दुहेरी पदवी सुरू केली. लॉस एंजेलिसचे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, हाँगकाँगचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि मिलानचे बोक्कोनी यांच्या व्यवसायशास्त्राच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तर तीन संस्थांच्या तीन पदव्या मिळतात.

कोणता प्रकार चांगला, याचे सरसकट उत्तर नाही. पदव्यांची संख्या मोजून भारावून जाण्याचे मात्र कारण नाही, कारण चार वर्षांत केलेला अभ्यास चार वर्षांचाच असतो. दुहेरी पदवीचा व्यावहारिक फायदा असा, की प्रत्येक पदवी त्या त्या देशात नेहमीच्या पदवीसारखी ओळखली जाते, आणि नोकरी देणाऱ्याला किंवा सरकारी कचेरीला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. संयुक्त पदवीपत्र दिसायला देखणे असले तरी काही देशांचे कायदे अजूनही त्याला अडखळतात. म्हणूनच युरोपातील अनेक अभ्यासक्रम 'संयुक्त' म्हणून चालवले जातात आणि शेवटी मात्र दोन किंवा तीन वेगळी पदवीपत्रे देतात. युरोपीय उच्चशिक्षण क्षेत्रातील देशांच्या मंत्र्यांनी २०१५ मध्ये येरेवान येथे संयुक्त अभ्यासक्रमांच्या गुणवत्तातपासणीची एक सामाईक पद्धत मान्य केली, ती हीच अडचण कमी करण्यासाठी. तिचा अवलंब सगळीकडे सारखा झालेला नाही. म्हणून समन्वयक विद्यापीठाला ईमेल करून एक साधा प्रश्न विचारावा: माझ्या मार्गावर, म्हणजे मी निवडलेल्या विद्यापीठांच्या जोडीवर, नेमकी किती आणि कोणाची पदवीपत्रे मिळतील? एकाच अभ्यासक्रमात मार्ग बदलला की उत्तर बदलते, त्यामुळे 'आमचा अभ्यासक्रम संयुक्त आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये.

या दोन प्रकारांच्या आसपास दिसणाऱ्या काही गोष्टी वेगळ्या असतात. एका सत्रासाठी परदेशी जाऊन परत येणे ही देवाणघेवाण आहे, त्यात पदवी मूळ विद्यापीठाचीच असते. पहिली दोन वर्षे एका खासगी संस्थेत आणि नंतर परदेशी विद्यापीठाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात थेट प्रवेश, ही बदलीची सोय झाली. त्यातली पदवी फक्त परदेशी विद्यापीठाची असते. परदेशी विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेने वर्ग चालवणे, ज्याला फ्रँचायझी म्हणतात, ती तर भारतीय मान्यतेच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची जी परवानगी दिली, तिचाही या विषयाशी संबंध नाही. तिथे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात आणि त्यांच्यात करार नसतो.

बारावीनंतरचा मार्ग

पदवी स्तरावर असे अभ्यासक्रम कमी आहेत, महाग आहेत आणि त्यांतली स्पर्धा तीव्र आहे. प्रवेश कोणामार्फत होतो हे पहिल्यांदा पाहावे. कोलंबिया आणि सिआँस पो यांच्या अभ्यासक्रमात शिक्षणाची सुरुवात फ्रान्समध्ये होत असली तरी अर्ज कोलंबियाच्या स्कूल ऑफ जनरल स्टडीज या विभागाकडे करावा लागतो. अन्यत्र दोन्ही विद्यापीठांकडे अर्ज जातो आणि दोघांचा होकार लागतो.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांपुढे इथे एक खास अडचण येते. अर्ज हिवाळ्यात करायचे असतात आणि बारावीचा निकाल त्यानंतर काही महिन्यांनी लागतो, त्यामुळे परदेशी विद्यापीठे शाळेकडून अपेक्षित गुणांचे पत्र मागतात. आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांना ही सवय असते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्राचार्यांना असे पत्र काय असते इथपासून समजावून सांगावे लागू शकते. अकरावीच्या उन्हाळ्यातच प्राचार्यांशी बोलून, पत्राचा मसुदा त्यांना दाखवून आणि अकरावीचे गुण, घटक चाचण्या व सराव परीक्षा यांच्या आधारे अपेक्षित गुण कसे काढायचे हे ठरवून घेतलेले बरे. शुल्काचा हिशेब करताना प्रत्येक टप्प्याचे शुल्क त्या त्या विद्यापीठाच्या दराने द्यावे लागते का, आणि पहिल्या विद्यापीठाने दिलेली सवलत दुसऱ्या विद्यापीठात चालू राहते का, हे दोन प्रश्न पालकांनी आधी विचारावेत. फ्रान्समधील दोन वर्षांच्या खर्चावरून न्यूयॉर्कमधील दोन वर्षांचा अंदाज बांधता येत नाही.

पदव्युत्तर मार्ग: इरॅस्मस मुंडस

मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खरा वाव पदव्युत्तर स्तरावर आहे, आणि तोही मुख्यतः युरोपात. याचे कारण युरोपने १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यापासून आपली पदवीरचना एकमेकांशी जुळवून घेतली. वर्षाला ६० ईसीटीएस (युरोपची सामाईक क्रेडिट पद्धत) क्रेडिट आणि प्रत्येक क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम, हे माप सगळीकडे चालते, म्हणून एका देशातले सत्र दुसऱ्या देशातल्या पदवीत मोजता येते. फ्रान्स आणि जर्मनी यांनी तर १९९७ मधील वायमार कराराने फ्रँको-जर्मन विद्यापीठ नावाची एक संस्थाच उभी केली. सारब्रुकेन येथे मुख्यालय असलेली ही संस्था स्वतः वर्ग चालवत नाही, दोन्ही देशांतील विद्यापीठांच्या दुहेरी पदव्यांना ती निधी आणि मान्यता देते. मात्र तेथील बहुतेक अभ्यासक्रमांना फ्रेंच आणि जर्मन अशा दोन्ही भाषा लागतात.

इंग्रजीतून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी युरोपीय संघाचा इरॅस्मस मुंडस हा उपक्रम सर्वांत महत्त्वाचा आहे. तो २००४ पासून चालू आहे. त्याच्या सध्याच्या म्हणजे २०२१ ते २०२७ या कालखंडाच्या नियमांनुसार किमान तीन वेगळ्या देशांतील तीन संस्थांनी मिळून अभ्यासक्रम चालवायचा असतो आणि विद्यार्थ्याने आपल्या निवासाच्या देशाखेरीज किमान दोन देशांत शिकायचे असते. अभ्यासक्रम ६०, ९० किंवा १२० ईसीटीएसचा, म्हणजे एक ते दोन वर्षांचा असतो. निवड झालेल्या शिष्यवृत्तीधारकाला शुल्क भरावे लागत नाही, विमा अभ्यासक्रमातर्फे मिळतो आणि दरमहा १४०० युरो जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. प्रवास, व्हिसा, घराची अनामत हे सगळे त्या १४०० युरोंतूनच भागवायचे असते.

सर्व अभ्यासक्रमांची अधिकृत सूची युरोपीय संघाच्या शिक्षणविषयक कार्यकारी संस्थेच्या संकेतस्थळावर असते, आणि शोधाची सुरुवात तिथूनच करावी. त्यात शंभराहून अधिक अभ्यासक्रम आहेत: साहित्यापासून जलव्यवस्थापनापर्यंत. दोन बाबी तिथे बारकाईने पाहाव्यात. एक म्हणजे संघाचा निधी ठरावीक तुकड्यांपुरता असतो. निधीचा काळ संपल्यावर अभ्यासक्रम चालू राहिला तरी शिष्यवृत्त्या नसतात, आणि जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचून अर्ज करणाऱ्यांच्या हे उशिरा लक्षात येते. दुसरी बाब भारतीयांना थेट लागू पडते. एका अभ्यासक्रमाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी १० टक्क्यांहून अधिक शिष्यवृत्त्या एकाच राष्ट्रीयत्वाच्या विद्यार्थ्यांना देता येत नाहीत. भारतातून अर्ज करणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे आपली स्पर्धा प्रत्यक्षात जगाशी कमी आणि इतर भारतीयांशी जास्त असते. विदाविज्ञान किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांसारख्या विषयांत ही गर्दी सर्वाधिक असणार, हे उघड आहे. ज्याची आवड खरोखरच वनस्पतिआरोग्य, सागरी परिसंस्था, वारसासंवर्धन किंवा कायदा-अर्थशास्त्र अशा विषयांत आहे, त्याने ती आवड लपवून गर्दीच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

कायदा-अर्थशास्त्राचा उल्लेख मुद्दाम केला. युरोपियन मास्टर इन लॉ अँड इकॉनॉमिक्स हा ६० ईसीटीएसचा एक वर्षाचा अभ्यासक्रम रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, घेंट अशा विद्यापीठांनी मिळून चालवलेला आहे, आणि त्याच्या भागीदारांत मुंबईतील गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही आहे. वर्षाचे तीन भाग पाडलेले असून त्यांतला शेवटचा मुंबईत करण्याचा पर्याय आहे. युरोपीय विद्यार्थी संयुक्त पदवीसाठी गोरेगावला येतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

अर्जाची तयारी

इरॅस्मस मुंडसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरले जातात आणि अभ्यासक्रम पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो. अर्ज संघाकडे नव्हे, थेट प्रत्येक अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर करायचा असतो, आणि प्रत्येकाची कागदपत्रांची यादी वेगळी असते. पूर्वी तीनच अभ्यासक्रमांना अर्ज करता येत असे. ती मर्यादा आता नाही. तरीही दहा ठिकाणी एकच उद्देशपत्र पाठवण्यापेक्षा चार ठिकाणी विचारपूर्वक लिहिलेले पत्र पाठवणे अधिक फलदायी ठरते. निवड समितीत तीन विद्यापीठांचे प्राध्यापक असतात. या विषयासाठी तीन देशांत फिरण्याची गरज काय, हे ज्या पत्रात दिसत नाही ते लगेच ओळखू येते. 'मला युरोपीय संस्कृती अनुभवायची आहे' या वाक्याला तिथे किंमत नाही. पहिल्या विद्यापीठातील कोणता विषय दुसऱ्या ठिकाणच्या कोणत्या प्रयोगशाळेला किंवा अभिलेखागाराला जोडून आपण काय करू पाहतो, हे दोन परिच्छेदांत सांगता आले पाहिजे.

गुणांची भाषांतरे हा एक किचकट भाग आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार भारतात वर्षाला ४० क्रेडिट धरले जातात, युरोपात ६०. त्यामुळे अर्जात भारतीय क्रेडिट जसेच्या तसे ईसीटीएसच्या रकान्यात भरू नयेत. तीन वर्षांची पूर्णवेळ पदवी साधारणपणे १८० ईसीटीएसच्या बरोबरीची म्हणून मांडली जाते, मात्र अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो. काही भागीदार तीन वर्षांची भारतीय पदवी सहज स्वीकारतात, काही चौथ्या वर्षाचा किंवा एम.ए., एम.एस्सी.चा आग्रह धरतात. एका भागीदाराची अट कडक असेल तर त्याच्याकडून जाणारा मार्गच बंद होतो, म्हणून ही चौकशी अर्जाआधी करावी.

जर्मन विद्यापीठे गुणांसाठी बहुधा सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांमधील फरकाने भागावे, उत्तराला ३ ने गुणून त्यात १ मिळवावा. दहापैकी ८ सीजीपीए आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर उत्तर २.० येते, आणि जर्मनीत ती चांगली श्रेणी आहे. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा असते. आपल्या विद्यापीठाची किमान उत्तीर्ण श्रेणी गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेली नसेल, तर परीक्षा विभागाकडून तसे पत्र घ्यावे, कारण हा एक आकडा बदलला की निकाल बदलतो.

शेवटच्या वर्षात असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही अभ्यासक्रम अर्जाच्या वेळीच पदवी मागतात, काहींना प्रवेश घेताना ती हाती असली तरी चालते. आपल्याकडे अंतिम वर्षाचा निकाल जून-जुलैपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातो आणि पदवीपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते. तात्पुरते प्रमाणपत्र चालेल का, हे लेखी विचारून ठेवावे आणि निकाल लागताच ते मिळवण्यासाठी विद्यापीठाच्या खिडकीवर जाण्याची तयारी ठेवावी.

नावाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना तो हमखास छळतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि काही ठिकाणी आईचेही नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो आणि कधी वडिलांचे नाव गाळलेले असते. एका विद्यापीठात वडिलांचे नाव तुमचे आडनाव म्हणून नोंदले गेले आणि दुसऱ्यात नाही, तर दोन वर्षांनी दोन नावांची दोन पदवीपत्रे येतात. पहिल्या दिवसापासून सर्वत्र पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे आणि फरकाबाबतचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून इंग्रजीत करून बरोबर ठेवावे.

मार्ग आणि व्हिसा

प्रवेशपत्र आल्यावर सर्वांत जास्त काळ आणि मनस्ताप व्हिसाला लागतो. भारतातून निघताना मिळणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा फक्त पहिल्या देशाचा असतो. पुढच्या देशात जाण्यासाठी युरोपीय संघाने २०१६ च्या ८०१ क्रमांकाच्या निर्देशाने एक सोय केली आहे. गतिशीलतेची तरतूद असलेल्या संघाच्या किंवा बहुपक्षीय कार्यक्रमातील, तसेच विद्यापीठांच्या आपसांतील कराराखालील विद्यार्थी पहिल्या देशाच्या निवास परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकू शकतात. दुसऱ्या देशाला त्यासाठी पूर्वसूचना मागता येते, आणि ती बहुधा विद्यापीठामार्फत दिली जाते. ही सोय कागदावर उत्तम आहे. पण पहिल्या देशाचा निवास परवाना संपूर्ण अभ्यासक्रमाच्या मुदतीचा नसेल, तर तिचा उपयोग अर्धवटच होतो. म्हणून पहिल्या परवान्यासाठी अर्ज करताना फक्त पहिल्या सत्राचे नव्हे, पूर्ण अभ्यासक्रमाचे आणि त्यातील सर्व देशांचे नाव असलेले पत्र समन्वयकाकडून घ्यावे.

डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात सहभागी नाहीत, आणि ब्रिटन तर संघाबाहेरच आहे. उदाहरणार्थ, इरॅस्मस मुंडस पत्रकारिता अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे असते आणि दुसऱ्या वर्षासाठी लंडन, प्राग, अॅमस्टरडॅम असे पर्याय असतात. इथे डॅनिश परवान्यावर दुसऱ्या वर्षाचा प्रश्न सुटत नाही. तो संपूर्ण नवा अर्ज असतो, आणि लंडन निवडल्यास ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा वेगळा काढावा लागतो. अशा वेळी अर्ज डेन्मार्कमधून करायचा की भारतात येऊन, हे वसंत ऋतूतच ठरवावे. डेन्मार्कमधील दुसऱ्या देशाचा दूतावास बहुधा डेन्मार्कमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्यांचाच अर्ज घेतो आणि चालू परवान्याची काही मुदत शिल्लक असावी लागते. पासपोर्ट दूतावासात असताना प्रवास करता येत नाही, तेव्हा दिवाळीला घरी येण्याचे तिकीट आधी काढून ठेवू नये.

पहिला देश जर्मनी असेल तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचा दाखला, लागतो. शिष्यवृत्तीधारकांना त्यातून सूट मिळते का, हे एपीएसच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या नियमानुसार पाहावे. पहिला देश फ्रान्स असेल तर कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी शिक्षणसंस्थेकडे नोंदणी आणि मुलाखत असते. इटलीसाठी युनिव्हर्सिटाली या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करावी लागते. म्हणजेच मार्ग निवडताना पहिला देश कोणता, यावर भारतातील कामाचा पसारा ठरतो. अनेक देशांना कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला सत्यतेचा शिक्का, लागतो. भारत २००५ पासून त्या कराराचा सदस्य आहे, परंतु महाराष्ट्रातील शैक्षणिक कागदपत्रांचे आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम असल्यामुळे त्याला पुरेसा अवधी ठेवावा. मूळ कागदपत्रांचे दोन संच अपोस्टिल करून नेले तर दुसऱ्या देशात गेल्यावर घरच्यांना पुन्हा धावपळ करावी लागत नाही. पासपोर्टची मुदत अभ्यासक्रम संपल्यानंतरही काही महिने शिल्लक असावी आणि त्यात कोरी पाने भरपूर असावीत, हे सांगायला नकोच.

पैशांचा हिशेब

शिष्यवृत्तीशिवाय प्रवेश मिळाला, तर तो स्वीकारण्याआधी थंड डोक्याने आकडे मांडावेत. एकाच शहरात दोन वर्षे राहण्याच्या तुलनेत तीन शहरांत राहण्याचा खर्च नेहमी जास्त येतो. प्रत्येक ठिकाणी घराची अनामत, नव्या परवान्याचे शुल्क, विमानप्रवास आणि थंडीचे कपडे किंवा पुस्तके दुसरीकडे पाठवण्याचा खर्च वाढतो. एका घराची अनामत परत मिळण्याआधीच दुसऱ्या घराची भरावी लागते. शिष्यवृत्तीधारकांनीही पहिल्या दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवावा, कारण पहिला हप्ता तिथे पोहोचून बँक खाते उघडल्यावरच येतो, आणि काही देशांत पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय खाते उघडत नाही.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी बँकेला सुरुवातीलाच सांगावे, की शुल्क दोन वेगळ्या संस्थांना जाऊ शकते आणि राहण्याच्या खर्चाचा देश मध्येच बदलणार आहे. मंजुरीपत्रात एकाच विद्यापीठाचे आणि एकाच देशाचे नाव आले, तर दुसऱ्या वर्षीचा हप्ता अडकतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी जोडलेली आहे. संयुक्त अभ्यासक्रमात भागीदार तीन आणि त्यांच्या क्रमवाऱ्याही तीन, तेव्हा कोणत्या विद्यापीठाचा क्रमांक धरला जाणार याचा खुलासा अर्ज करण्यापूर्वी विभागाकडून लेखी घ्यावा. तोंडी मिळालेल्या उत्तराचा इथे उपयोग नाही.

शिकत असताना

सत्रांचे वेळापत्रक जुळत नाही, ही संयुक्त अभ्यासक्रमांची जुनी दुखरी जागा आहे. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर असे चालते, तर शेजारच्या अनेक देशांत दुसरे सत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच उघडते. जर्मन विद्यापीठातील परीक्षा फेब्रुवारीत चालू असताना पुढच्या विद्यापीठात वर्ग सुरू झालेले असतात. चांगल्या अभ्यासक्रमाच्या करारात यासाठी परीक्षा आधी घेण्याची किंवा उशिरा रुजू होण्याची तरतूद असते. ती आहे का, हे आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्याला विचारले तर खरे उत्तर मिळते. अनुत्तीर्ण झाल्यास फेरपरीक्षा कुठे आणि कशी होते, हेही विचारावे. तीन देश ओलांडून एका पेपरसाठी परत येण्याची पाळी काहींवर येते.

गुणांच्या वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी गांगरून जाऊ नये. फ्रान्समध्ये वीसपैकी १४ गुण चांगले मानले जातात, इटलीत प्रत्येक विषय ३० गुणांचा असतो आणि अंतिम पदवी ११० गुणांची. आपल्याकडच्या ७० टक्क्यांच्या सवयीने पाहिल्यास फ्रेंच गुणपत्रिका उगाच निराशा करते. पीएच.डी.साठी अर्ज करताना मात्र मूळ गुणांसोबत त्या विद्यापीठातील गुणांची विभागणी दाखवणारा तक्ता जोडावा.

प्रबंधाचा मार्गदर्शक कोणत्या विद्यापीठाचा, दुसऱ्या विद्यापीठाचा सहमार्गदर्शक असणे बंधनकारक आहे का आणि सादरीकरण कुठे होणार, हे तिसऱ्या सत्रापूर्वी ठरवावे. यात आणखी एक हिशेब दडलेला आहे. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी राहण्याचा परवाना बहुतेक देश आपापल्या पदवीधरांना देतात. जर्मनीत हा कालावधी १८ महिन्यांचा आहे, पण त्यासाठी पदवी जर्मन विद्यापीठाची असावी लागते. जिथे नोकरी शोधायची आहे त्या देशाच्या विद्यापीठाची पदवी आपल्या मार्गावर मिळते का आणि शेवटचे सत्र तिथेच करता येते का, हे पाहून मार्ग निवडावा. अर्जात मार्गांचा पसंतीक्रम भरताना बहुतेकांचे लक्ष शहरांकडे असते आणि हा मुद्दा निसटतो.

भारतीय मान्यता

भारतातील विद्यापीठात राहून परदेशी भागीदाराची पदवी मिळवायची असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे मे २०२२ चे विनियम लागू होतात. त्यांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेतील क्रेडिट जास्तीत जास्त ३० टक्के असू शकतात आणि पदवी भारतीय संस्थेची असते. संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट घ्यावे लागतात. दुहेरी पदवीत किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून लागतात आणि दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. नॅक या मूल्यांकन परिषदेचे किमान ३.०१ गुणांकन असलेली, केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या शंभरांत असलेली किंवा 'इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स' हा सरकारी विशेष दर्जा असलेली भारतीय संस्था जागतिक क्रमवारीतील पहिल्या हजारांतील परदेशी संस्थेशी आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय करार करू शकते; इतरांना परवानगी लागते. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला हे विनियम लागू नाहीत, आणि फ्रँचायझीला त्यांत स्पष्ट मनाई आहे. पुणे-मुंबईतील एखाद्या खासगी महाविद्यालयाच्या फलकावर परदेशी विद्यापीठाचे बोधचिन्ह दिसले, तर हे चार-पाच मुद्दे समोर ठेवून प्रवेश कक्षात प्रश्न विचारावेत आणि कराराची प्रत पाहायला मागावी.

पूर्णपणे परदेशात मिळवलेल्या पदवीची समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठ महासंघ ठरवत असे. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने यासाठी स्वतंत्र विनियम काढले आणि ऑनलाइन अर्जाची पद्धत आणली. वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, विधी, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक पदव्या त्यात येत नाहीत, त्यांच्या त्यांच्या परिषदांचे नियम पाहावे लागतात. कायद्याच्या पदवीनंतर संयुक्त एलएल.एम. करू पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. फ्रँचायझीतून मिळालेली पदवी इथेही मान्य होत नाही. खासगी नोकरीत समकक्षतेचे प्रमाणपत्र क्वचितच कोणी मागते, पण सरकारी नोकरी, प्राध्यापकपद किंवा भारतात पीएच.डी. यांसाठी ते लागते. एक वर्षाच्या परदेशी मास्टर्सबाबत भारतात पूर्वी मोठी अडचण होती; ब्रिटनशी जुलै २०२२ मध्ये परस्परमान्यतेचा करार झाल्यावर त्या देशापुरती ती सुटली. ६० ईसीटीएसचा अभ्यासक्रम निवडणाऱ्याने आपल्या पदवीपत्रावर कोणत्या देशाच्या विद्यापीठांची नावे येणार, हे या कारणासाठीही आधीच तपासावे.

समकक्षतेसाठी आणि पुढच्या कोणत्याही अर्जासाठी लागणारी कागदपत्रे शेवटचे विद्यापीठ सोडण्यापूर्वी गोळा करणे सोपे जाते, नंतर ते काम महिनोन्‌महिने चालते. प्रत्येक विद्यापीठाची स्वतंत्र गुणपत्रिका, अभ्यासविषयांचे तपशीलवार वर्णन, प्रत्येक देशातील प्रत्यक्ष उपस्थितीचा कालावधी सांगणारे पत्र आणि डिप्लोमा सप्लिमेंट ही त्यांतली मुख्य कागदपत्रे होत. डिप्लोमा सप्लिमेंट म्हणजे पदवी कोणी, कोणत्या अधिकाराने आणि किती क्रेडिटसाठी दिली हे सांगणारे पदवीपत्राचे जोडपत्र. संयुक्त पदवीच्या बाबतीत त्यात सर्व भागीदारांची नावे आहेत की नाहीत हे वाचून घ्यावे आणि चूक असल्यास तिथे असतानाच दुरुस्त करून घ्यावी. संयुक्त पदवीपत्रावर सगळ्या विद्यापीठांच्या सह्या होईपर्यंत अनेक महिने जातात. ते भारतात कुरिअरने येणार असेल तर घरच्या पत्त्यासोबत पिनकोड आणि घरातील व्यक्तीचा मोबाइल क्रमांक समन्वयकाकडे नोंदवून ठेवावा, आणि तोवर वापरण्यासाठी पदवी पूर्ण झाल्याचे शिक्क्याचे पत्र मागून घ्यावे.